भिंतीआडचा काउंटर

मी कापडदुकानाचा काउंटर बोलतोय. कोणतं दुकान, ते मात्र विचारू नका. ते झालंच नाही. मालेगावात, शेषरावांच्या गोदामात मी चार वर्षांपासून उभा आहे आणि अजून एका गिऱ्हाइकाचंही तोंड पाहिलेलं नाही. वाशीमचा रस्ता भिंतीपलीकडे दहा पावलांवर. एसटीचा भोंगा ऐकू येतो, फटफट्या जातात, बायका हुज्जत घालतात. मी नुसतं ऐकत राहतो.

माझा मालक देवमन. गोदाम शेषरावांचं असलं तरी मी मालक मानतो तो यालाच. राहणारा किन्हीराजाचा. अकोल्याच्या एका दुकानात बारा वर्षं त्यानं दुसऱ्याचे तागे उलगडले आणि १९७४ साली स्वतःचं दुकान टाकायचं मनावर घेतलं. ठरलं असं, की आधी भाडेचिठ्ठी लिहायची, मग गोदामाची पुढची भिंत फोडून रस्त्याच्या बाजूला शटर बसवायचं. तेव्हा गोदामाला मागच्या बोळात उघडणारं एकच अरुंद दार होतं. आजही तेवढंच आहे.

शेषराव म्हणाले, "कागदाचं होऊन जाईन, तुमी काम सुरू करा." देवमनला तेवढंच हवं होतं. दुसऱ्याच दिवशी त्यानं गोविंदा मिस्त्रीला आणलं. सागाच्या फळ्या त्या दारातून एकेक करून आत आल्या.

देवमनची बायको गंगू डबा घेऊन आली, तेव्हा हे सगळं पाहून दारातच थबकली.

"कागद झाल्याबिगर कायले इतकी घाई करून राह्यले तुमी?"

"शेषरावनं जबान देली हाये, गंगू. वैशाखी पौर्णिमेले दुकान उघडाचं हाये. भिंत फोडाले दोन दिवस लागतीन, काउंटरले पंधरा."

गोविंदा मिस्त्रीला खिळ्यांचा मनापासून तिटकारा. लाकडात लाकूड अडकवून, सरस ओतून त्यानं मला सांधलं. दहा फूट लांब, तीन फूट रुंद. उंचीसाठी मात्र देवमन अडून बसला. "माह्या नाई मिस्त्री, हिच्या मापानं करा. पदर पाहाले बायाच येतीन. त्याइचे खांदे आखडले नाई पाह्यजे." गंगू लाजत उभी राहिली आणि मिस्त्रीनं पेन्सिलीची खूण केली. माझ्या उभ्या आयुष्यात इतकं कौतुक पुन्हा झालं नाही.

पॉलिश वाळत होतं तेव्हा देवमन रोज येऊन माझ्यामागे उभा राहायचा. हातात काही नसताना तागा उलगडायचा, "पाहा ताई, रंग जानार नाई," म्हणायचा आणि स्वतःशीच हसायचा. पहिलं पांढरं पातळ आईसाठी काढायचं आणि ते नेसून तिनं वंदनेला बसायचं, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. मीही ते पातळ अंगावर पसरायची वाट पाहत होतो.

पौर्णिमेच्या चार दिवस आधी शेषराव आले. आत आले नाहीत.

"देवमन, मले सोताले काई अडचन नाई. पन बाजूचे दुकानदार नाई म्हनून राह्यले. मले रोजचं त्याइच्यासोबत राहाचं हाये."

"काहून नाई म्हनतात?"

"तुमाले मालूम हाये काहून ते," शेषराव खाली पाहत म्हणाले.

देवमनला मालूम होतं. बौद्धाचं दुकान त्यांना आपल्या ओळीत नको होतं. मी लाकूड, पण मला लाज वाटली. शेषराव जाताना एवढंच म्हणाले, "तुमचं सामान घेऊन जा."

देवमन, मिस्त्री आणि दोन हमाल अशा चौघांनी मला उचललं. सरळ धरलं, आडवं केलं, उभं करून पाहिलं. दार अरुंद आणि बाहेर लगेच बोळाची भिंत. मला वळताच येईना. पुढची भिंत फुटणारच म्हणून मला आत बांधलं होतं, आणि ती आता फुटणार नव्हती. सांधे तर मिस्त्रीनं न उकलण्यासाठीच बसवलेले. त्यानं हळूच करवत काढली. देवमननं त्याचा हात धरला.

"राहू द्या मिस्त्री. तोडून नाई नेत."

तो गेला. त्यानंतर माझ्यावर गुरांच्या सरकी-ढेपेची पोती आली. पॉलिश उडालं, उंदरांनी एक कोपरा कुरतडला. त्याचं मला फारसं वाटत नाही. पण बोळात पाऊल वाजलं की अजून वाटतं, देवमन आला असेल.

परवा गोविंदा मिस्त्री ढेप न्यायला आला होता. हमालाशी बोलताना म्हणाला, देवमननं किन्हीराजाला घराच्या ओसरीतच कापड विकायला सुरुवात केली आहे. गंगू बाजेवर तागे मांडते. "बरं चालून राह्यलं," म्हणाला. जाताना त्यानं माझ्यावरून एकदा हात फिरवला.

तुम्ही त्या बाजूला गेलात तर देवमनला एवढं सांगा. गड्या, तू माझ्यावर दया केलीस, पण चूक केलीस. मिस्त्रीला आण, करवत आण. मधोमध काप, हवे तर चार तुकडे कर, पण मला इथून ने.