कोरी पट्टी

"पाणी मारलंस तू माझ्या गव्हावर, निव्वळ पाणी!" मालकांनी हातातली गवताची जुडी पंपवालीच्या पायाशी आपटली. "औषध कुणाच्या घशात घातलंस ते सांग आधी."

अंगणात चहा पीत बसलेल्या माणसांचे कप तोंडाशीच थांबले. दुसऱ्या रानाच्या फवारणीसाठी बोलावलं असेल, अशा समजुतीनं पंपवाली पंप पाठीला लावूनच आली होती. तिनं खाली पाहिलं. मुळासकट उपटलेलं गवत, हिरवंगार, बुडाशी लालसर. लोक त्याला सोंगाड्या म्हणत. कोवळा असताना तो हुबेहूब गव्हाचं सोंग घेई, गव्हाच्याच ओळीत उभा राहून गव्हाचंच पाणी पिई, आणि दाणा भरायची वेळ आली की गव्हाच्या डोक्यावरून मान काढी. त्याला मारणारं आणि गव्हाच्या केसालाही धक्का न लावणारं औषध दुकानात मिळत असे. सोंगाड्या दोन-तीन पानांवर असताना ते पाण्यात कालवून रानभर एकसारखं फवारायचं, हे पंपवालीचं काम. पूर्वी हेच गवत बायकांची टोळी हातानं काढायची. पंप आला आणि टोळीला गव्हाच्या रानात कुणी बोलावेनासं झालं. पंपवालीचं मात्र बस्तान बसलं, इतकं की तिचं खरं नाव नवऱ्याखेरीज कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं, आणि नवराही ते फक्त भांडणात काढायचा.

"टोपणभर औषधसुद्धा मी इकडचं तिकडं केलेलं नाही," ती म्हणाली.

"मग हे काय? ह्याला औषध पचलं?"

"ते मला नाही सांगता यायचं, भाऊ."

"तुला कशाला सांगायला पाहिजे? तुझी पट्टीच सांगतेय की! जा, जाऊन बघ."

येताना वाटेत ती बघूनच आली होती. बोलणाऱ्याचे हुलगे विकले जातात आणि न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा पडून राहतात म्हणतात. तिला चारचौघांत बोलायचं जमत नसे, म्हणून तिनं एक रीत पाडली होती. कुठल्याही रानात फवारणी केली की एका कडेला चार हात रुंदीची पट्टी ती मुद्दाम कोरी सोडायची. तीन आठवड्यांनी पट्टीत सोंगाड्या माजलेला असे आणि तिला लागून नुसता गहू डुलत असे. मग कुणाला काही सांगावं लागत नसे. ज्याचं रान तोच चार लोकांना आणून दाखवायचा.

यंदा मालकांच्या रानात पट्टी कुठं संपते आणि फवारलेलं कुठं सुरू होतं हेच कळत नव्हतं. सगळीकडे सारखाच सोंगाड्या. तिनंच उभा केलेला साक्षीदार तिच्यावर उलटला होता.

"एवढी वर्षं डोळे मिटून भरवसा ठेवला," मालक माणसांकडे वळून म्हणाले, "आणि घरातलाच उंदीर निघाला."

कुणीतरी हसलं. ते हसणं तिला झोंबलं. तिनं पंप पाठीवरून उतरवला आणि अंगणाच्या मधोमध ठेवला.

"चोर म्हणालात, तेही चारचौघांत. आता तपासही चारचौघांतच होऊ द्या. तुमच्याच रानातल्या पाटाच्या कडेला नवा सोंगाड्या उगवलाय, दोन पानांवर आहे. बाटली तुम्ही आणा. झाकण तुम्ही फोडा. माप तुम्ही घाला."

"आणि मारणार तू?"

"पंपही तुम्हीच घ्या पाठीवर. मी बोटसुद्धा लावणार नाही."

"मालक, कंबर सांभाळा बरं का!" एक जण म्हणाला आणि आता हसं व्हायची पाळी मालकांवर आली.

बातमी दुकानापर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार! बाटली आणायला माणूस गेला, त्याच्याबरोबर दुकानदारच धापा टाकत आला.

"म्हणजे उद्या गवत नाही मेलं तर माझी बाटली खोटी? वा रे वा! नवरा-बायकोचं भांडण आणि मार शेजाऱ्याला! ते काही नाही. माझ्या दुकानामागं हाच सोंगाड्या माजलाय. तिथं आजवर कुणी औषधाचा थेंब टाकलेला नाही. ह्याच बाटलीतलं, ह्याच पंपातलं, तिथंही मारा."

सगळे पाटाकडे निघाले. मालकांनी पंप पाठीवर घेतला तेव्हा त्यांचा चेहरा हमालासारखा झाला. दांडा खालीवर करायचा, नळी धरायची आणि पुढेही चालायचं, या तीन गोष्टी त्यांना एकदम जमेनात. एकीकडे चिखल, दुसरीकडे स्वतःचाच पायजमा भिजला.

"झाडू मारल्यासारखा हात नका हलवू," ती कडेवरून म्हणाली. "नळी गुडघ्याच्या उंचीवर ठेवा. सरळ समोर बघा, पायाकडे नको. आणि वारा पाठीशी घ्या, तोंडावर येतंय."

"गप्प बस!"

"बरं. मग नंतर म्हणू नका की नीट पडलं नाही."

मालक परत फिरले आणि तेच अंतर पुन्हा पहिल्यापासून नीट चालले. उरलेलं औषध दुकानाच्या मागच्या भिंतीकडेच्या गवतावर मारून झालं. आता फक्त थांबायचं होतं.

घरी नवरा शिवणयंत्रावर बसला होता. गावातल्या निम्म्या माणसांची मापं त्याच्या डोक्यात असत आणि उरलेल्या निम्म्यांच्या भानगडी. त्यानं पायडल थांबवलं.

"कळलं मला. गवत मेलं तर काय?"

"मेलं तर मी चोर."

"आणि नाही मेलं तर?"

ती हातपाय धूत राहिली.

"मी सांगतो. नाही मेलं तर मालकाचं रान गेलं. आज त्याचं गेलं, उद्या शेजारच्याचं. मग तुझा पंप घेऊन काय झाडांना पाणी घालायचं? छापा पडला तरी तू हरलीस, काटा पडला तरी तूच. जगात एवढ्या पैजा आहेत, बाईनं हीच शोधून काढली!"

"हरेन. पण चोर म्हणून नाही हरणार."

"ते आहेच म्हणा," तो म्हणाला आणि पायडल पुन्हा सुरू झालं.

त्यानंतर ती रोज सकाळी पाटाच्या कडेनं जाऊ लागली. या औषधानं गवत एका दिवसात मरत नाही. आधी वाढ थांबते, मग आतून बूड कुजतं, आणि मधला कोवळा कोंब चिमटीत धरून ओढला की लोण्यातून केस निघावा तसा अलगद हातात येतो. पाहणी म्हणजे एवढीच. आठवडा उलटल्यावर तिनं पहिला कोंब ओढला. तो आला नाही. तिनं जोर लावला तेव्हा मधोमध तुटला. तुटल्या जागी ताजा रस होता.

तिला आनंद झाला. अगदी उकळी फुटल्यासारखा. आणि लगेच तिचं तिलाच लाजिरवाणं वाटलं. शेजारचं घर पेटावं आणि आपल्या अंगणात उजेड पडला म्हणून आपण हसावं, तसं हे झालं. ज्या गवताला मारण्यात तिनं उमर घालवली ते जगावं म्हणून ती आता रोज उठत होती. पुढच्या बांधावरून मालक येताना दिसले की ती वाट बदलायची. चोरी न करता आपण चोरासारखं वागायला लागलो, या विचारानं तिचा संताप व्हायचा. मग एक दिवस तिनं वाट बदलली नाही. मालकांच्या समोरच बसून तिनं कोंब ओढला, तुटलेलं पान त्यांच्यापुढे धरलं आणि पुढे गेली.

पंधरवडा उलटून गेल्यावर सगळे पुन्हा जमले. आधी दुकानामागं गेले. भिंतीकडेचा सोंगाड्या पिवळा पडून आडवा झाला होता. दुकानदारानं एक कोंब ओढला, तो सुळकन आला. त्याचा जीव भांड्यात पडला. मग पाटावर. तिथं सोंगाड्या पोटरीला लागत होता.

मालक उकिडवे बसले. एक कोंब ओढला. दुसरा ओढला. मग ते नुसतेच ओढत सुटले आणि प्रत्येक कोंब मधोमध तुटत गेला.

"कंपनीच्या माणसानं मागं सांगितलं होतं," दुकानदार खाली बघत म्हणाला. "दरसाल तेच मारू नका, आलटून पालटून मारा. नाहीतर मरणारं मरतं आणि न मरणाऱ्याचंच बी पडत जातं. पण तुम्ही तेच मागायचात. मीही तेच द्यायचो."

पंपवालीकडे कुणी बघेना. आपण जिंकलो की काय झालं, हे तिला समजत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मालक तिच्या घरी आले ते हातात पॅन्ट घेऊन.

"कमरेत ढिली झालीय," ते तिच्या नवऱ्याला म्हणाले.

"माणूस वाळला की होते," नवरा म्हणाला आणि टेप घेऊन उठला.

टेप कमरेभोवती असतानाच मालक भिंतीकडे बघून बोलले. "पंपवाले, दुप्पट मारून बघायचं का? सोंगाड्या अजून फुलोऱ्यावर यायचाय. दुप्पट मात्रेनं मरेलही."

"नाही मारणार."

"का?"

"मोठ्या झालेल्याला ते एरवीसुद्धा लागू पडत नाही. आणि दुपटीनं गहू मेला तर पुन्हा अंगणात मीच उभी. भाऊ, पाणी मारलंस म्हणालात तेव्हा ते खोटं होतं. आता मारलं तर खरं होईल."

शिंप्याची टेप थांबली. मालकांनी घसा साफ केला.

"तेव्हा चुकलं माझं."

"चोर अंगणात म्हणालात आणि चुकलं घरात म्हणता?" तिचा आवाज चढला नाही. "घरात बोललेलं घरातच राहतं."

मालक पॅन्ट तिथंच टाकून गेले. नवरा त्यांच्या पाठीकडे बघत म्हणाला, "गिऱ्हाईक घालवलंस." मग दोरा ओवता ओवता पुटपुटला, "बरं केलंस." थोड्या वेळानं म्हणाला, "पण आता करायचं काय?"

"वाकायचं," ती म्हणाली.

सोंगाड्याचं बी पडायच्या आत तो उपटून रानाबाहेर काढणं, एवढाच उपाय उरला होता, आणि त्याला माणसांचे हातच हवेत. मालकांनी जुनी टोळी बोलावली. पंपवाली सकाळी बांधावर पोचली तेव्हा बायका कमरेला गोण्या बांधत होत्या. टोळीची म्होरकी उंच, आडव्या हाडाची होती. केस पिकले तरी पाठ ताठ. तिनं पंपवालीच्या रिकाम्या पाठीकडे पाहिलं.

"काय गं, तुझं पाठीवरचं पोर कुठं ठेवून आलीस?"

"घरी निजलंय."

"आणि तू?"

"मला एक ओळ दे."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. तेवढ्यात मालक पुढे आले. रात्रभर घोकून आलेल्या माणसासारखे ते एका दमात बोलले. "सगळ्यांनी ऐका. हिनं पाणी मारलं नव्हतं. औषध खरं होतं, फवारणी खरी होती. मी तिला चोर म्हणालो ते माझं चुकलं."

पंपवालीनं मान खाली घातली नाही. ती सरळ त्यांच्याकडे बघत राहिली. पण उत्तर आलं म्होरकीकडून.

"ते आम्हाला कशाला सांगता, मालक? हिनं खोटं मारलं असतं तर आमची चूल पेटत राहिली असती. खरं मारलं म्हणूनच आम्ही घरी बसलो."

मालक गडबडले आणि काहीतरी करायचं म्हणून पंपवालीला म्हणाले, "तू कशाला वाकतेस? कडेला उभी राहा, ह्यांच्यावर लक्ष ठेव. गहू उपटू नयेत म्हणजे झालं."

"ह्यांना गहू मी शिकवू?" ती म्हणाली. "ओळ दे गं."

म्होरकीनं तिला थोडा वेळ न्याहाळलं. मग कमरेची एक जादा गोणी सोडून तिच्या अंगावर फेकली आणि हनुवटीनं कडेची ओळ दाखवली. ओळ लांब होती आणि तिथं सोंगाड्या सगळ्यात दाट होता.

"मध्येच सोडायची नाही."

"सोडायला आले नाही मी."

टोळी वाकली. पंपवालीला वाटलं होतं, पंपाच्या ओझ्याला सरावलेली पाठ ही, हिला काय होतंय! पण ओझं घेऊन ताठ चालणं वेगळं आणि मोकळं असून वाकणं वेगळं. घटकाभरातच तिच्या कमरेत कळ उठली. सोंगाड्या बुडाशी धरायचा, गव्हाला हिसका न देता ओढायचा, माती झटकायची, गोणीत भरायचा. बायकांचे हात गप्पांच्या तालावर चालत होते. सुनेची गोष्ट संपून जावयाची सुरू झाली तोवर त्या तिच्या पुढे गेल्या. जावयाची संपली तेव्हा त्यांचे आवाजच काय ते ऐकू येत होते.

ऊन डोक्यावर आलं. टोळी पलीकडच्या बांधाला लागली. म्होरकी पाठ सरळ करून वळली आणि पंपवालीच्या ओळीच्या त्या टोकाला येऊन उभी राहिली. मागं राहिलेलीच्या ओळीत समोरून शिरायचं, ही टोळीची रीतच होती. तिनं पहिलं मूठभर गवत धरलं.

"राहू दे!" पंपवालीनं मान वर न करताच ओरडून सांगितलं. "ही माझी ओळ आहे."

म्होरकीनं मूठ सोडली. कुणी काहीतरी म्हणालं, त्यावर तिनं नुसता हात उडवला. बायका झाडाखाली गोल करून बसल्या. डबे मधोमध ठेवलेले होते. एका कोवळ्या पोरीनं आपल्या डब्याच्या झाकणाला हात घातला, तशी म्होरकीनं तिच्या मनगटावर चापट दिली.

"जरा दम धर. एक जण यायचीय अजून."

पंपवालीनं ते ऐकलं. अर्धी ओळ शिल्लक होती. तिनं कपाळाचा घाम बाहीला पुसला आणि पुढचं गवत बुडाशी धरलं. तिनं घाई केली नाही.