सोळा आठवड्यांची खासदार

मारिट बाळंत झाली, म्हणून रूलफीन ओस्टिंग खासदार झाली. नियमच तसा होता. खासदार बाई रजेवर गेली की पक्षाच्या यादीतल्या पुढच्या माणसाने सोळा आठवडे तिच्या जागी बसायचं आणि मुदत संपली की मुकाट्याने घरी जायचं. रूलफीन द्रेन्थ प्रांतातल्या आपल्या खेड्यात सव्वीस वर्षं सुईण होती. हेगच्या संसदेत पहिल्या दिवशी शपथ घेताना तिला वाटलं, एवढे दिवस तर सहज निघतील.

पाचव्या आठवड्यात लांडग्यांवर चर्चा निघाली. ते मेंढ्या मारतात, त्यांना गोळ्या घालायची परवानगी द्या, असा ठराव होता. रूलफीन तीन मिनिटं बोलली. "मेंढपाळाला आधी कुंपण द्या, नुकसानभरपाई द्या. बंदुकीचं नंतर बघू." एवढंच. संध्याकाळपर्यंत तिचं नाव 'लांडग्यांची आई' पडलं होतं. मग निरोप यायला लागले. पहिले नुसत्या शिव्यांचे होते. नंतरच्या एकात तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीचा फोटो होता, बागेतून काढलेला.

"गावातली निम्मी पोरं तुझ्याच हातून जन्मली," तिचा नवरा हार्म चेष्टेने म्हणाला. "त्यातलंच एखादं असेल!"

ती हसली. मग तिच्या लक्षात आलं, ते खरंही असू शकत होतं.

मतदान दोन आठवड्यांनी, गुरुवारी होतं. मंगळवारी सकाळी गाडी गाठायला तिने दार उघडलं, तर पायरीवर कोकरू पडलेलं. गळा सुरीने सरळ कापलेला. मेंढ्यांवर खुणा करायच्या निळ्या रंगाने त्याच्या पोटावर लिहिलं होतं: गुरुवार.

हार्म मागून आला. कोकराच्या कानातला पिवळा बिल्ला बघून त्याचा चेहरा उतरला. नंबर त्याच्या थोरल्या भावाच्या कळपाचा होता. तो खाली वाकला आणि बिल्ला उपटायला लागला.

रूलफीनने त्याचं मनगट धरलं. "हात लावू नकोस."

"अगं, बेरेंड आहे तो! माझा भाऊ!"

"म्हणूनच आधी त्याला विचारून येते."

बेरेंड गोठ्यात गवत टाकत होता. तिला बघून थांबला नाही, कॉफी घेतेस का म्हणाला नाही.

"कोकरू तुझं आहे," ती म्हणाली.

"असेल."

"तू ठेवलंस?"

आता त्याने गवत उचलायचा काटा खाली ठेवला. "वेडी झालीस का? मी असलं करीन?"

"मग कोणी?"

तो दाराकडे बघत राहिला. बाहेर कोणी नव्हतं, तरी आवाज खाली आला. "दोघं आले होते. म्हणाले, एक कोकरू दे. मी दिलं."

"कोण दोघं?"

"तू आणखी नऊ आठवड्यांनी मोकळी होशील, रूलफीन. मला इथंच राहायचंय. त्यांची शेतं माझ्या शेताला लागून आहेत."

धिप्पाड माणूस, पण पुन्हा दाराकडे बघत होता. तिला आलेला राग ते बघून विरला, आणि मागे उरली ती नुसती भीती.

"बिल्ला मी पोलिसांना देणार आहे," ती कशीबशी म्हणाली.

"दे. पण मग या दारात परत येऊ नकोस."

तिने दिला. बेरेंडने पोलिसांना सांगितलं, कोकरू चोरीला गेलं होतं. चौकशी तिथेच थांबली. घराला कॅमेरे बसले. पक्षाने ज्याला त्याला मनाप्रमाणे मत द्यायची मोकळीक दिली होती. नेता म्हणाला, "आजारी आहे म्हणून कळव. कोणी काही म्हणणार नाही." बुधवारभर ती तोच विचार करत होती. आजारीच तर होती ती. मंगळवारची रात्र तिने खिडकीशी जागून काढली होती.

गुरुवारी एकेकाचं नाव पुकारलं गेलं. तिचं आलं. ती उठली, ओठ हलले, पण आवाज फुटला नाही.

"सदस्यांनी मोठ्याने सांगावं," अध्यक्ष म्हणाले.

"विरोधात," ती म्हणाली. भलत्याच मोठ्याने. कोणीतरी हसलं. ठराव नऊ मतांनी पडला; ती घरी राहिली असती तरी पडलाच असता.

त्या गुरुवारी काहीच झालं नाही. शुक्रवारीही नाही. पण दुकानात रांगेत उभी राहिली की ती पुढच्या-मागच्यांचे चेहरे न्याहाळायची. एरवी गाडी थांबवून बोलणारी माणसं आता हात वर करून निघून जायची. हार्मच्या वाढदिवसाला बेरेंड आला नाही, आणि हार्म दिवसभर तिच्याशी तुटक बोलला.

मुदत संपली, मारिट परतली. पुढच्या शरद ऋतूत पक्षाच्या कचेरीतून फोन आला. आणखी एक सदस्य आजारी आहे, सोळा आठवडे येशील का?

हार्म समोर बटाटे सोलत होता. त्याने मान जोरात हलवली. नाही. नाही म्हण.

"येते," रूलफीन म्हणाली.

तिने फोन ठेवला. ती खुर्चीत बसली आणि दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली.