येत नसेल तर डावा हात

इतिहासाच्या बाई तशा कोणाला भीक घालणाऱ्या नव्हेत, पण त्या दिवशी त्यांचीही पाचावर धारण बसली होती. मुलींच्या शाळेत इतकी वर्षं तात्पुरत्या म्हणून राबल्यावर आता कुठे कायम व्हायची वेळ आली होती, आणि ते सगळं ठरणार होतं एका तासावर. तपासणीचे साहेब नववीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून तो तास बघणार आणि मग हो की नाही ते सांगणार.

मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, असल्या तपासण्यांत मुरलेल्या. आदल्या दिवशीच त्यांनी वर्गात येऊन मुलींना पढवून ठेवलं होतं. "प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. बाई उजवा बघूनच उठवतील. साहेबांना काय, वर्गभर हात दिसले की झालं."

इतिहासाच्या बाईंना हे मुळीच पटलं नव्हतं. पण पोटापाण्याचा प्रश्न आला की भल्याभल्यांची वाचा बसते, तशी त्यांचीही बसली.

धडा होता गिरणीतल्या बायकांच्या संपाचा. बाईंनी शिकवला झकास, उगाच खोटं कशाला बोला. मग त्यांनी विचारलं, "या बायकांना संपाला कोणी चिथावलं?" उत्तर धड्यातच होतं: बाहेरून आलेल्या पुढाऱ्यांनी. सगळे हात वर गेले, आणि तिथेच घोळ झाला. समोर बसलेल्या मुलीचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला दिसतो, हे ना मोठ्या बाईंच्या डोक्यात आलं होतं ना यांच्या. बाईंनी आपल्या उजव्या बाजूचा हात हेरला आणि बेधडक त्या मुलीला उठवलं.

उठली कोण, तर मौनी. हजेरी सोडली तर वर्गात तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता, म्हणून मैत्रिणींनी ठेवलेलं नाव.

"मला येत नाही, बाई."

"मग हात कशाला वर केलास?" साहेबांनी मागून विचारलं.

"डावा होता, साहेब. डावा म्हणजे येत नाही."

कोणीतरी फिस्सकन हसलं. दारात उभ्या असलेल्या मोठ्या बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. इतिहासाच्या बाईंनी मनातल्या मनात नोकरीवर पाणी सोडलं.

"धडा वाचला नाहीस?" साहेबांचा आवाज चढला.

"वाचला. त्यात उत्तर आहे. पण बाई म्हणतात, आधी बघायचं, हे सांगतंय कोण. धड्याखाली बारीक अक्षरात छापलंय, माहिती मालकाच्या जबानीतून घेतली. बायकांची जबानी एकही नाही." मौनी आता थांबेना. "दिवसभर उभं राहून पाय दुखतात, हे कळायला बाहेरचा पुढारी कशाला लागतो? मला नाही माहीत, साहेब. त्यांना कोणी विचारलंच नाही, मग पुस्तकाला तरी कुठून माहीत असणार?"

बाईंची भीती कुठच्या कुठे पळाली. 'सांगतंय कोण' एवढंच त्यांनी शिकवलं होतं. पाय दुखण्याचा मुद्दा पोरीचा स्वतःचा होता. बाईंचा ऊर भरून आला.

तास संपल्यावर ऑफिसात साहेबांनी करड्या आवाजात विचारलं, "ही हातांची शक्कल कोणाची?"

मोठ्या बाई टेबलावरचे कागद सारखे करू लागल्या. इतिहासाच्या बाई म्हणाल्या, "मी ती वर्गात चालू दिली, म्हणजे माझीच. ते चुकलं. पण ती मुलगी बोलली, तेही माझ्याच वर्गातलं. लिहायचं तर दोन्ही लिहा."

"शक्कल माझी," मोठ्या बाई हळूच म्हणाल्या.

साहेबांनी दोघींकडे पाहिलं. मोठ्या बाईंना त्यांनी चार शब्द चांगलेच सुनावले. मग कागद पुढे ओढून इतिहासाच्या बाईंना कायम करायची शिफारस लिहिली आणि सही ठोकली.

बाहेर जिन्यापाशी मौनी रडून डोळे लाल करून उभी होती.

"बाई, माझ्यामुळे तुमची नोकरी गेली ना?"

"नाही गं, राहिली."

"आणि गेली असती तर?"

"तर घरी जाऊन ताठ मानेनं सांगितलं असतं," बाई तिचे डोळे पुसत म्हणाल्या, "की माझा शेवटचा तास माझ्यापेक्षा माझ्या पोरीनं चांगला घेतला."