वळायला लागणारी जागा

बढती मिळाली की दिगंबर टिपणीसांना वळायला जास्त जागा लागे. मोटारींच्या कारखान्यात सुपरवायझर होते तेव्हा ते स्वयंपाकघरात, ओट्यापाशी, सहज वळत. असिस्टंट मॅनेजर झाले आणि त्यासाठी अंगणात जावं लागू लागलं. चिंचवडच्या त्या कॉलनीत कुणाला याचं फारसं नवल वाटलं नाही. साहेबलोकांचं असं काहीबाही असायचंच.

जनरल मॅनेजर झाल्यावर मात्र इंदूताईंनी मागून हाक मारली, की ते "आलो गं" म्हणत आणि पिंपरीला वळसा घालून पाऊण तासाने समोर येत. तोवर काय सांगायचं होतं, ते ताई विसरलेल्या असत.

"मोठ्या गाडीला जागा लागतेच," ते म्हणत.

"मग वाटेत मंडई लागते का बघा. कोथिंबीर संपलीय."

मग डायरेक्टर केल्याचं पत्र आलं. नलूने, त्यांच्या लेकीने, शाळेचा नकाशा पसरून दोऱ्याने वर्तुळ काढलं. ते मुरूडला समुद्रात शिरत होतं आणि अलिबागला बाहेर पडत होतं.

"बाबांना पोहता येत नाही," नलू म्हणाली.

"नाही म्हणून कळवा," इंदूताई म्हणाल्या. "मला तुमचं तोंड बघायचंय, पाठ नाही."

"अगं, एकदाच तर वळायचंय. सही करतो आणि निघतो, ते थेट तुझ्यासमोर."

त्यांनी पाठमोऱ्यानेच सही केली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि निघाले. ते उजवीकडे झुकत होते, पण माहीत नसणाऱ्याला कळलंही नसतं.

नलूच्या अंदाजाने अकराव्या दिवशी इंदूताई टॉवेल घेऊन अलिबागच्या वाळूत उभ्या राहिल्या. शेजारी एक कोळीण सुकट पसरत होती.

"कोन यायचंय, बाय?"

"आमचे हे."

"कंच्या होडीनं?"

"चालत."

"मंग येल लागंल," ती म्हणाली आणि त्यांना उभं राहायला नीट जागा करून दिली.

दुपारी लाटांत डोकं दिसलं, मग टायची गाठ. इंदूताईंनी हात हलवला. टिपणीस समोरच बघत होते. ताईंनी पुष्कळ वेळ नजरेने वळण जोखलं. ते नकाशातल्यापेक्षा मोठं झालं होतं; पाण्यात असतानाच आणखी एक बढती मिळाली असावी. ते किनाऱ्याकडे येत नव्हते, किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे चालले होते.

इंदूताईंनी टॉवेल डोक्याला गुंडाळला, निऱ्या खोचल्या आणि ते थोड्या वेळाने जिथे असतील, त्या दिशेने पाण्यात चालू लागल्या.