ओढून धरलेलं बटन

सासूबाई त्याला घास भरवायच्या तेव्हा मी भिंतीकडे बघायचे. आधी सव्वा वर्षाची मयुरी. नातीची वाटी संपली की त्याच पाटावर एकतीस वर्षांचा लेक.

चंद्रशेखरचा उजवा अंगठा, शेजारची दोन बोटं आणि त्यांच्याखालचा तळवा, सगळे जागेवरच होते. फक्त त्यांना काही कळत नव्हतं. वारासिवनीकडच्या एका राइस मिलमध्ये तो फिटर होता. फेब्रुवारीत पट्ट्यात हात गेला. नागपूरच्या डॉक्टरांनी हाड जोडलं, नस काही जुळली नाही. "कशालेबी हात लावला तं पेपरात गुंडाळल्यावानी लागते," तो एकदा म्हणाला. उजव्या हातात चमचा दिला तर तो गळून पडल्याचं त्याला आवाज आल्यावर कळायचं. डाव्या हातानं सासूबाई जेवू देत नव्हत्या.

"डाव्या हातानं जेवते का कोनी? मी मेल्यावर जेव. तोंड उघड."

तो तोंड उघडायचा. शर्टाची बटनं मी लावायचे, चपलेचा पट्टाही मीच. मला काही वाटत नव्हतं. नागपूरला रडले नाही, बालाघाटला परत आल्यावर रडले नाही. बायका भेटायला यायच्या, त्याच डोळ्यांना पदर लावायच्या, आणि मी त्यांना चहा द्यायचे. मयुरीला पाजायचं, भात टाकायचा, कपडे वाळत घालायचे. एवढ्यात दिवस निघून जायचा. मला ते बरंच होतं.

आमच्या पलंगावर छताच्या कडीला दोरीनं एक विमान टांगलेलं होतं. मीटरभर लांब पंख. चंद्रशेखरनं दोन वर्षं सुटीच्या दिवशी बसून ते बनवलं होतं. पंख थर्माकोलचे, वरून चिकटपट्टी लावलेले. पंखाच्या आत बुरुडाकडून तासून आणलेली बांबूची कामटी. धड एका कोचिंग क्लासच्या जुन्या सनपॅक बोर्डाचं, त्यामुळे खालून बघितलं की पोटावर 'प्रवेश सुरू' वाचता यायचं. मोटर, बॅटरी, शेपूट हलवणाऱ्या छोट्या मोटरी एवढंच विकत आणलेलं. फेब्रुवारीपासून त्याला कोणी हात लावला नव्हता. मयुरी पलंगावर पडल्या पडल्या त्याच्याकडे बोट दाखवून "ऊ" म्हणायची.

दिवाळीनंतर एका दुपारी ती झोपली होती. तो भिंतीला टेकून बसला होता.

"साधना, रिमोट काढ."

"कोनता?"

"दोन्ही. आन् पेचकस आन."

रिमोटला दोन दांड्या असतात. विमान वळवणं, नाक वर-खाली करणं उजव्या दांडीवर. मोटरची गती डाव्या. गतीची दांडी नुसती पुढे ढकलली तरी चालते, बधिर बोटालाही जमते. उजवी मात्र केसाएवढी हलवायची असते, आणि त्याच्या अंगठ्याला केस आणि दोरखंड सारखेच. त्याला छोट्या रिमोटच्या दांड्यांची अदलाबदल करायची होती. अर्धं काम पडद्यावरच्या सेटिंगनं झालं. उरलेल्यासाठी रिमोट उघडायला हवा, कारण वळवायच्या दांडीला स्प्रिंग असते, बोट काढलं की ती आपोआप मधे येते. ती उजवीकडची स्प्रिंग डावीकडे लावायची होती.

"तुमाले करता येते का डाव्या हातानं पेच फिरवणं?"

"म्हनून तं तुले सांगून राह्यलो. मी सांगतो तसं कर. जोर नोको लावू, प्लास्टिक आहे."

चार पेच निघाले. झाकण काढलं. मी चिमट्यानं स्प्रिंगचं टोक धरलं, आणि ती टणकन उडाली.

आम्ही दोघं गुडघ्यांवर. पलंगाखाली पाहिलं, मयुरीच्या दुपट्यात पाहिलं, तिच्या केसांतसुद्धा. सासूबाई दारात आल्या.

"काय हरपलं?"

"स्प्रिंग."

"अवं, पोट्टीनं गिळली असन!" त्यांनी झोपलेल्या पोरीच्या तोंडात बोट घातलं. ती किंचाळून जागी झाली. "नाई, तोंडात नाई. बाई मानसानं पेचकस धरला तं असंच होते."

"आई, तू जाय ना बाप्पा," चंद्रशेखर म्हणाला.

मयुरीला मांडीवर घेऊन मी पाजत बसले आणि तिथूनच मला दिसली. चंद्रशेखर फरशीवर उजवा तळवा टेकून पलंगाखाली वाकला होता. स्प्रिंगचं टोक त्याच्या त्याच तळव्याखालून बाहेर आलेलं होतं. इतका वेळ तो तिच्यावरच भार देऊन शोधत होता.

"हात उचला," मी म्हटलं.

त्यानं उचलला. तळव्यात स्प्रिंगचा गोल लाल ठसा उमटला होता. त्यानं तो बघितला, आणि स्प्रिंग डाव्या हातानं माझ्यापुढे सरकवली.

"लाव."

संध्याकाळपर्यंत लागली.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्यानं मला विमान उडवायला शिकवलं होतं ते दोन रिमोट जोडून. दोन्हींच्या मधे हातभर वायर. विमान ऐकतं मोठ्या रिमोटचं. पण मोठ्याच्या मागच्या बाजूला एक बटन आहे, ते बोटानं ओढून धरलं की विमान छोट्या रिमोटवाल्याचं होतं. बोट सोडलं की तत्क्षणी परत मोठ्याकडे. शिकणाऱ्याचं चुकलं की शिकवणाऱ्यानं बोट सोडायचं. माझ्या वेळी त्यानं शंभरदा सोडलं असेल, आणि दर वेळी म्हणायचा, "मेलं असतं बिचारं." आता मोठा रिमोट माझ्याकडे आणि छोटा त्याच्याकडे येणार होता.

"तू वर नेऊन दे. मग बटन ओढ आन् मले दे," तो म्हणाला. "पन सोडू नोको."

"आन् पडून राह्यलं तं?"

"पडू दे."

"दोन वर्षं लागलीत बनवाले."

"मले मालूम आहे ना. म्याच बनवलं."

रविवारी दुलीचंदच्या ऑटोनं निघालो. दुलीचंद आमच्या मोहल्ल्यातला, पन्नाशीचा, उडवताना विमान हातानं हवेत फेकायचं काम पहिल्यापासून त्याचं. वैनगंगेच्या पुलापलीकडे धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्या होत्या. मयुरीला ऑटोच्या सीटवर बसवलं, हातात बिस्किट दिलं.

"भैया, फेकू का? मागच्या टायमाले जोरात फेकलं तं शिव्या खाल्ल्या मी."

"थांब. आधी पंख पाहू दे."

दांडी उजवीकडे, उजव्या पंखाची पट्टी वर. दांडी मागे, शेपटीची पट्टी वर. दोन्ही रिमोटवरून तपासलं. त्यानं मान हलवली, दुलीचंद चार पावलं पळाला आणि सोडलं. विमान आता माझ्या रिमोटवर होतं. मोहाच्या झाडाच्या वर नेलं, सरळ केलं, आणि तर्जनीनं बटन ओढलं.

"घ्या."

त्याचा डावा अंगठा दांडीवर होता. विमान एकदा डुचमळलं. मग हळूहळू, एखाद्या पोरानं पाटीवर पहिला गोल काढावा तसं, वाकडंतिकडं वळलं. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. दुसऱ्या वळणाला पंख फार कलला, नाक खाली गेलं, आणि विमान ऑटोच्या दिशेला घसरू लागलं. 

बोट मी सोडलं नाही. ते सुटलं. चुलीवरून भांडं पडताना हात जातो तसं. पुढच्या क्षणी विमान माझ्याकडे होतं, मी नाक उचललं, पंख सरळ केले, एक फेरी मारून अलगद बांधीत उतरवलं.

"वा वहिनी! एकदम बढिया उतरवलं!" दुलीचंद टाळ्या वाजवत पळत आला.

चंद्रशेखरनं वायर काढली.

"सोडलं तू."

"मयुरीकडे जाऊन राह्यलं होतं ते."

"ऑटो शंभर फूट दूर होता."

होता. मी बघितलं होतं.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो रागावला नाही. घरी आला, विमान कडीला टांगायला मला दिलं. पण त्या दिवसापासून सासूबाईंनी "तोंड उघड" म्हणायच्या आधीच तो तोंड उघडू लागला. ताट आलं की उघडायचा आणि समोर कुठेतरी बघत चावायचा. शर्टाची बटनं लावताना स्वतःहून हनुवटी वर करायचा, मयुरी करते तशी. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "आता समजदार झाला बापा. रामपायलीच्या रामाले नारळ फोडून येईन मी."

मी भिंतीकडे बघत होते. आत काही हलावं म्हणून वाट बघत होते म्हणा ना. हललं नाही. फक्त एवढं समजलं, की हे असंच चाललं तर काही दिवसांनी त्याला तोंड उघडताना कळणारही नाही.

शनिवारी मयुरी झोपल्यावर मी बॅटरी चार्जिंगला लावली. तो पलंगावरून बघत राहिला.

"काय्ले?"

"उद्या जाऊ."

"राहू दे वं."

"नाई सोडत मी."

"सोडशीन. मीबी सोडलं असतं."

"नाई सोडत म्हटलं ना."

त्यानं कूस बदलली. थोड्या वेळानं भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला, "चार्जरचा काटा पाय. बॅटरी फुगू देऊ नोको."

दुसऱ्या दिवशी वारा नव्हता. दुलीचंदला मी सांगून ठेवलं होतं, काहीही झालं तरी टाळ्या वाजवायच्या नाहीत.

"बजाओ तो भी गुन्हा, नहीं बजाओ तो भी," तो म्हणाला. "फेकू का?"

मी मागच्यापेक्षा उंच नेलं. ऑटोकडे पाठ केली, मयुरी डोळ्यांच्या कक्षेतच नको म्हणून. बटन ओढलं.

"घ्या."

या वेळी त्याची वळणं गोल आली. तीन फेऱ्या. चौथ्या फेरीला त्यानं विमान लांब नेलं आणि तोंड आमच्याकडे करून परत आणलं. समोरून येणाऱ्या विमानाचं डावं-उजवं उलटं होतं. सगळ्यांचीच तिथे गडबड होते, माझी अजून होते. तो गडबडला. विमान खाली यायला लागलं, आणि मी त्याच्या हाताकडे बघितलं. डावा अंगठा थांबला होता. उजवा, तो काही न कळणारा, आपल्या दहा वर्षांच्या सवयीनं दांडी मागे ओढत होता. पूर्वी त्यानं नाक वर आलं असतं. आता त्या दांडीवर मोटर होती. मोटर बंद पडली. आवाजच गेला. सगळ्या शिवारात एकदम शांतता.

त्याला कळलं नव्हतं की त्याचा तो अंगठा चालतोय. मला कळलं होतं. एक शब्द बोलले असते तरी चाललं असतं. बोट सोडलं असतं तर विमान मोहाच्या झाडाएवढं उंच होतं, पुष्कळ जागा होती, मी उतरवलं असतं. मी बटन इतकं ओढून धरलं की नख पांढरं झालं.

'प्रवेश सुरू' मला स्पष्ट वाचता येत होतं.

अगदी खाली आल्यावर त्याचा डावा अंगठा हलला. नाक उचललं गेलं, उचललं गेलंच, पण बांधीच्या कडेच्या मातीच्या धुऱ्याएवढी उंचीही उरली नव्हती. पंखाचं टोक धुऱ्याला लागलं. बांबू मोडल्याचा आवाज आला, विमान पालथं होऊन धसकटांत घसरत गेलं आणि थांबलं.

"गेलं," दुलीचंद म्हणाला, आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

मागे ऑटोत मयुरी रडायला लागली. त्या आवाजाबरोबर मला पान्हा फुटला; पोलकं भिजलं. मी तशीच उभी.

चंद्रशेखर पडलेल्या विमानाकडे बघत होता. मला वाटलं आता हा रडेल आणि मला काय करायचं ते सुचणार नाही.

"दुली भाऊ," तो म्हणाला. आवाज मोठा होता, उगाच मोठा. "पायलं का? म्याच पाडलं!"

"हौ ना भैया. पायलं."

"हिनं हात नाई लावला. म्याच पाडलं पूरं!"

त्यानं छोट्या रिमोटची वायर उपटली, रिमोट गवतावर ठेवला आणि निघाला. धुऱ्यावर चढला, तोल गेला, सावरला, पलीकडे उतरला. महिनोन्महिने मी त्याला घाईत चालताना बघितलं नव्हतं. विमानाजवळ तो गुडघ्यांवर बसला. पडल्यावर आधी बॅटरी तोडायची असते, नाहीतर पेटते. त्यानं विमान दोन्ही गुडघ्यांत दाबलं, बॅटरीची एक वायर दातांत धरली आणि डाव्या हातानं दुसरी ओढली. पहिल्यांदा निघाली नाही. दुसऱ्यांदा निघाली. दुलीचंद मदतीला पळायला लागला तेव्हा मी म्हटलं, "राहू दे."

तो तिथूनच मोडलेला पंख उचलून बघत होता, कामटी कुठे तुटली ते चाचपत होता. त्यानं मान वर केली तेव्हा मी अजून तशीच उभी होते, मोठा रिमोट छातीशी, बोट बटनावर.

"साधना! सोड ना वं आता!"

"वहिनी, पोट्टी रडून राह्यली," दुलीचंद म्हणाला.

"हौ," मी म्हटलं, "जाते." बोट वाकलेलंच राहिलं होतं. दुसऱ्या हातानं धरून ते बटनावरून काढावं लागलं, आणि सरळ करताना फार दुखलं. बऱ्याच दिवसांनी काही दुखलं होतं. मयुरीला उचललं, सीटच्या कडेला बसून पदराखाली घेतलं. चंद्रशेखर दोन्ही काखांत एकेक पंख घेऊन धुऱ्यावरून येत होता आणि येता येताच दुलीचंदला सांगत होता की कुठे कुठे चूक झाली, आणि सांगताना ज्या हाताला काही कळत नाही त्याच हातानं हवेत वळण काढून दाखवत होता.