पेंढ्याची सीट

महिपतच्या दारात ती गाडी आली, त्या दिवसापास्नं त्याचा संसार दोन बायकांचा झाला, असं किन्हवलीच्या नाक्यावर लोक म्हणायचे. एक सकुबाई, दुसरी ही. आणि दुखणी सगळी दुसरीची.

गाडी बारा गावचं पाणी प्यालेली. घेतली तेव्हा मातकट रंगाची वाटली. धुतली तर पांढरी निघाली, अजून धुतली तर पत्राच निघाला. मग सकुबाई म्हणाली, आता धुऊ नका, नाय तर रस्ता दिसायला लागंल.

पण मेकॅनिककडे जाणं महिपतला जमायचं नाय. ज्यानं जन्मभर जू स्वतः तासलं, नांगर स्वतः जुपला, इळ्याला धार स्वतः लावली, त्यानं चार बोल्टांसाठी दुसऱ्याच्या दारात का उभं राहायचं? मोबाईलवर कोण एक पंजाबी पोरगा गाड्या खोलून दाखवायचा. तो महिपतचा गुरू. त्याची हिंदी महिपतला अर्धीच कळायची, आणि उरलेली अर्धी दुरुस्ती हा आपल्या मनानं करायचा.

सायलेन्सरला भोक पडलं, तर यानं तेलाच्या डब्याचा पत्रा कापून गुंडाळला आणि तारेनं आवळला. गाडी चढाला लागली की तो पत्रा वाजायचा. महिपत येतोय हे गावातल्या कुत्र्यांना वेशीवरच कळायचं. पुढं रेडिएटर गळायला लागला. कुण्या ट्रकवाल्यानं सांगितलं, आत हळद टाक, बुजतंय. महिपतनं सकुबाईचा हळदीचा डबाच उपडा केला. गळती थांबली खरी, पण त्या आठवड्यात घरात आमटी पांढरी झाली. डाव्या दाराची काच एकदा खाली गेली ती वर आलीच नाय. त्यावर त्याचं म्हणणं, वारा येतो. हँडब्रेक होता तो शोभेला. खरा ब्रेक म्हणजे मागच्या चाकाखाली लावायचा दगड, आणि तो दगड डिकीत बसून गाडीबरोबर गावोगाव फिरायचा.

हे सगळं सकुबाईनं हसून घेतलं असतं. पण मागच्या साली मुरबाडला भाचीच्या लग्नाला जाताना घात झाला. ऐन बाजारात गाडी बंद पडली. सकुबाई नवं लुगडं नेसलेली, समोरून व्याही-विहिणी येतायत, आणि हिला पदर खोचून मागनं गाडी ढकलायला लागली. त्यात पुढच्या सीटची स्प्रिंग वर आलेली, तिनं लुगड्याला मागच्या बाजूला भोक पाडलं. लग्नभर बाई भिंतीला पाठ लावून उभी. अक्षता पण तिनं तिथनंच टाकल्या. त्या दिवसानंतर तिनं गाडीत पाय ठेवला नाय. जायचं असलं की यष्टीनं जायची.

पोरगा शेखर आसनगावला कंपनीत कामाला. त्याला गाडीची लाज वाटायची. मित्र घरी आले की तो तिच्यावर ताडपत्री टाकायचा. भंगारात देऊन टाका म्हणून त्यानं बापाच्या मागं टुमणंच लावलं होतं. बाप ऐकंना, तेव्हा त्यानं आईकडे दाद मागितली. घरातलं शेवटचं कोर्ट तेच.

सकुबाईनं पौषात निकाल दिला. चुलीवर भाकरी टाकता टाकताच दिला.

"मुरबाडपलीकडं म्हशाच्या जत्रेला मला न्या आणि परत आणा. कुठं धक्का लागला नाय, तर ऱ्हाऊ द्या ती दारात. लागला, तर शेखर म्हणतो तसं."

शेखर गालात हसला. त्याला वाटलं, झाली सुटका.

महिपत मात्र कामाला लागला. प्लग काढून घासले, कार्बोरेटर खोलून रॉकेलमध्ये धुतला, बॅटरीच्या टोकांवर गरम पाणी ओतलं. डॅशबोर्डवर एक छोटा पंखा बसवला, सकूला घाम येतो म्हणून. मग राहिली सीट. व्हिडिओतला पोरगा म्हणत होता फोम घाला. महिपत शहापूरला जाऊन फोम बघून आला. हातात धरून वास घेतला, परत ठेवला. ह्यावर माणूस बसतो? अंगणात झिनी भाताच्या नव्या पेंढ्याची गंजी उभी असताना?

त्यानं बारीक, मऊ पेंढा निवडून घेतला. ऊन दाखवलं, झोडपला, झटकला, जावयासाठी गादी भरावी तसा दाबून भरला. वरनं गोणपाट दाभणानं शिवलं, त्यावर रेक्झिन चढवलं. रेक्झिन दाराच्या बाजूला थोडं कमी पडलं, तिथं पेंढ्याच्या काड्या बाहेर डोकवायला लागल्या. महिपतनं त्या आत कोंबल्या आणि म्हणाला, कोण बघतंय.

जत्रेच्या दिवशी सकुबाई बसली ती दोन्ही हातांनी दार धरून, जसं काय होडीत बसलीय. डोळे रस्त्यावर, कान इंजिनाकडे. सरळगावच्या अलीकडच्या चढाला सायलेन्सरचा पत्रा वाजला तशी तिनं चपला काढून बाजूला ठेवल्या, ढकलायच्या तयारीनं. गाडी चढ चढून गेली. मग तिनं एक हात सोडला. मुरबाड जवळ आलं तसा दुसरा. बाजारातनं जाताना, जिथं मागच्या साली धक्का मारला होता तिथं महिपतचा पाय पेडलवर घुटमळला. ब्रेक दाबावा की नको, हॉर्न द्यावा की नको. बाजूला बघतो तर काय, सकुबाई झोपलेली. मान खिडकीकडे कललेली, तोंड जरासं उघडं.

महिपतनं पुढं म्हशापर्यंत एकदा पण हॉर्न वाजवला नाय. दोन म्हशी आणि एक टेम्पो रस्त्यात आडवे आले, तरी नाय. त्यांच्या मागनं गाडी मुकाट चालवत राहिला. हिचा डोळा लागला, म्हणजे सीट पास. आता गाडी पास व्हायची राहिली.

जत्रेत गाड्या उन्हात, उघड्या शेतात लावायला सांगत होते. महिपतला वाटलं, उन्हानं सीट तापंल, परत येईस्तोवर तवा होईल. म्हणून त्यानं गाडी फिरवून लांब आंब्याच्या सावलीला नेली. गाडी थंड राहावी म्हणून पंखा पण चालू ठेवला. सावलीला बैल बांधलेले होते. म्हशाची जत्रा गुराढोरांची, तिथं सावलीला बैल नसतील तर कोण असंल? पण महिपतचं ध्यान बैलांकडे नव्हतंच.

दोघांनी देवाला नारळ फोडला, पाळण्यांकडे बघत ऊस खाल्ला. सकुबाईनं एक घोंगडी घेतली आणि घासाघीस करून दुकानदाराला रडवला. ती खुशीत होती. परत येताना ती आपणहून म्हणाली की सीट बरी झालीय हो. महिपतला वाटलं, हिला पुन्हा एकदा म्हणायला लावावं. पण तेवढ्यात गाडी दिसली.

गाडीच्या डाव्या खिडकीत एक बैल खांद्यापर्यंत आत होता.

चांगला ढवळा, रंगवलेल्या शिंगांचा बैल. त्यानं मान बाहेर काढली तेव्हा तोंडात झिनीचा पेंढा, आणि शिंगाला रेक्झिनची चिंधी लटकत होती. तेवढ्यात त्याच खिडकीतनं दुसऱ्या बैलाची जीभ आत गेली. सीटवर आता स्प्रिंगा, फाटकं गोणपाट आणि वर थोडी लाळ.

बैलांचा मालक धाऊ, उंबरमाळीकडचा. बुंध्याला टेकून निवांत बसलेला. महिपतनं त्याला जाब विचारला. धाऊ उठला पण नाय. म्हणाला, बैलबाजारात खिडकी उघडी टाकून कोणी चारा ठेवला, तर बैलानं काय समजायचं? बैलांना वाटलं पाहुणचार आहे. चांगला पेंढा होता दादा, देव तुमचं भलं करो.

भोवती माणसं जमली. बाजारातली माणसं, त्यांना बैलापेक्षा ही मजा बरी. कोणी बॉनेटवर थाप मारली, कोणी हेडलाईट बघून म्हणालं, दात गेलेत. कोणी सायलेन्सरजवळ वाकून सांगितलं, हिला खोकला दिसतोय. महिपत लाजून हसत होता. धाऊला चेव चढला. त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला, महिपतचा हात धरला आणि दोघांच्या हातांवर टॉवेल टाकला.

गुरांच्या बाजारात सौदा असाच होतो. तोंडानं भाव कोणी बोलत नाय. टॉवेलाखाली बोटं दाबून सांगायचा, बघणाऱ्याला कळत नाय. आणि एकदा हात दिला की उत्तर दिल्याबिगर काढायचा नाय, तो अपमान. महिपत बाजारात वाढलेला माणूस, त्याला हात काढवंना. धाऊ टॉवेलाखाली बोटं दाबत राहिला.

"घेतो मी," धाऊ म्हणाला. "कोंबड्या ठेवायला बरी. खिडकी उघडीच हाय, वारा येईल त्यांना."

सगळी हसली. महिपतचा चेहरा उतरला. त्यानं सकुबाईकडे बघितलं, आणि मग जमिनीकडे. निकाल तिचाच होता. तिनं आत्ता हो म्हटलं असतं, तर गाडी उंबरमाळीला कोंबड्यांखाली गेली असती.

सकुबाईनं घोंगडी महिपतच्या खांद्यावर टाकली. पुढं आली. आणि तिनं टॉवेलाखाली आपला हात घातला.

हसू बंद झालं. बाईमाणसानं टॉवेलाखाली हात घालणं त्या बाजारात कोणी बघितलं नव्हतं. धाऊ पण चरकला. आत काय चाललंय दिसंना. सकुबाईनं धाऊची बोटं एकेक करून मिटली, मूठ केली, आणि ती मूठ त्याच्याच छातीकडे सारली. मूठ मिटली म्हणजे सौदा नाय, महिपतचा हात मोकळा.

"वयनी," धाऊ चाचरत म्हणाला, "बायांनी हात घालायचा नसतो."

"बैल असता तर नसता घातला. ह्यात मी बसते. विकायचं का नाय ते बसणारी सांगंल."

"आता बसणार कशावर?"

"ते तुझ्या बैलाच्या पोटात हाय. त्याला धक्का मारायला लाव."

कारण तोवर महिपत गाडीत बसून चावी फिरवत होता, आणि गाडी नुसती कुरकुरत होती. पंख्यानं बॅटरी पिऊन टाकली होती. महिपतच्या कपाळाला घाम आला. पुढ्यात पंखा, पण तो आता कसला फिरतोय.

धाऊनं धोतर वर खोचलं. दात गेलेत म्हणणारा आला, खोकला ओळखणारा आला. सकुबाईनं स्प्रिंगांवर नव्या घोंगडीची घडी घातली, वर बसली, आणि उघड्या खिडकीतनं मान काढून सांगायला लागली. दाबून ढकला रे. जत्रेतलं खाल्लंत ते कुठं गेलं. गाडीनं ठसका दिला, धाऊच्या तोंडावर काळा धूर सोडला आणि चालू झाली.

घरापर्यंतच्या रस्त्याला महिपतच्या डोक्यात एकच घोळत होतं. धक्का लागला होता, तिच्यासमोर लागला होता. विषय आपण काढावा की तिनं काढावा, त्याला कळंना. एकदा त्यानं घसा साफ केला. सकुबाई म्हणाली, रस्त्याकडे बघा.

अंगणात शेखर वाटच बघत होता. गाडी थांबायच्या आधीच त्यानं विचारलं, "काय बाबा, धक्का लागला का?"

महिपतनं खरं सांगायला तोंड उघडलं. पण सकुबाई आधी उतरली. लुगड्याला पेंढ्याच्या काड्या चिकटलेल्या, केसात एक.

"सीट बैलांनी खाल्ली," ती शेखरला म्हणाली. "उद्या सुट्टी हाय ना तुला? शहापूरला जा आणि काथ्या घेऊन ये. पेंढा नको. बैल काथ्या खात नाय."

शेखर बापाकडे बघत राहिला. महिपतनं डिकीतनं दगड काढून चाकाखाली लावला, आणि दाभण शोधायला घरात गेला.