नखभर जास्त

विजयश्रीनं फळी पुन्हा आत ढकलली आणि ती पुन्हा अडली. नखभरच जास्त होती, पण कपाटाला नखभरही चालत नाही. "मेल्यांनो, मोजून तरी पाठवा!" ती रिकाम्या खोक्यावरच ओरडली.

लग्न होऊन खटकचिंचोळीत आल्यापासून तिचे कपडे, शाळेचे कागद, माहेरचे फोटो, सगळं पलंगाखालच्या बॅगेत. घरात लोखंडी कपाट एकच आणि त्याची किल्ली सासूबाईंच्या, राजूबाईंच्या कमरेला. म्हणून तिनं पगारातून स्वतःचं, कुलपाचं कपाट मागवलं होतं. नवरा शिवराज "रविवारी जोडू" म्हणत प्रत्येक रविवारी सटकायचा. शेवटी तीच पाना घेऊन बसली.

कानस घासून घासून फळी बसवली, तर दारं एकमेकांवर चढली. बिजागरी सैल केली, पायाखाली पुठ्ठा सरकवला. दार कसंबसं टेकलं, पण कुलपाची जीभ भोकात जाईना. तिचं डोकं फिरलं. तिनं फळीची कड चाचपली, तर ती फुगलेली, आणि कोपऱ्यात कुंकवाचं बोट.

"आत्या, ह्या फळ्यांला पाणी लागलं व्हय?"

"लागंल न्हाई तर काय? मी धुतल्या की," राजूबाई म्हणाल्या. "तू साळंत गेल्तीस तवा. कुणाकुणाच्या हातातनं आल्या आस्तील. नवी वस्तू धुवून, कुंकू लावूनच घेताव आपण."

"लाकूड न्हाई ते, आत्या! भुसा हाय, दाबलेला!"

"मग भुशाला यवढे पैसे कामून दिलीस?"

विजयश्रीला रडूच कोसळलं. पाना फेकून ती भिंतीला टेकून बसली.

राजूबाई थोडा वेळ त्या वाकड्या दाराकडं बघत राहिल्या. मग आत गेल्या. लोखंडी दार करकरलं आणि त्या स्वतःच्या लुगड्यांचा ढीग घेऊन बाहेर आल्या.

"हे काय करायलात, आत्या?"

"मी बिघडवलं, मीच वापरते. माज्या जुनेरांला कोण हात लावतंय?" त्यांनी कमरेची किल्ली सोडून सुनेच्या हातात दिली. "जा, तुजं सामान लोखंडाच्यात लाव."

किल्ली अजून कोमट होती. तेवढ्यात राजूबाईंनी बादलीत फडकं बुडवलं. "थांब, आदी कप्पे पुसून घेते."

"आत्या, पाणी नको!" एका हातानं फडकं ओढत ती ओरडली. दुसऱ्या हाताची मूठ मात्र तिनं घट्ट मिटून धरली होती.